होमस्टेची केंद्राकडे नोंदणी करायचीय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

आधी हे का करायचं ते सांगतो. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये कोविड आला आणि आकडा २७ लाखांवर घसरला. परदेशी पाहुणा थांबला, पण आपली माणसं गाडी काढून फिरायला लागली आणि त्यांना हॉटेलपेक्षा अंगण आणि घरचं जेवण हवं असतं, हे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानेही ओळखलंय. 'देखो अपना देश' ही आपल्याच देशात फिरा सांगणारी मोहीम जानेवारी २०२० मध्येच सुरू झाली होती, २०२२ मध्ये ग्रामीण होमस्टेसाठी राष्ट्रीय धोरण आलं आणि २०२५ च्या बजेटमध्ये होमस्टेसाठी मुद्रा लोन जाहीर झालं. त्यामुळे कोकणात किंवा कुठेही ज्यांच्या घरात दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत त्यांनी नोंदणीचं मनावर घ्याच.

योजनेचं नाव 'इनक्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट/होमस्टे'. मूळ अट अशी की मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, आणि पाहुण्यांसाठी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६ खोल्या, म्हणजे १२ बेड. सातवी खोली काढलीत की या योजनेत बसत नाही. दर्जे दोन, सिल्व्हर आणि गोल्ड, सिल्व्हरला खोली निदान १२० चौरस फूट लागते आणि गोल्डला २००. जुन्या कौलारू घरांच्या खोल्या बऱ्याचदा लहान असतात, त्यामुळे गोल्डचा हट्ट न धरता आधी टेप घेऊन मोजा, मग ठरवा.

खरी अडचण येते ती कागदपत्रांची. मालकीचा पुरावा, घराचा नकाशा, पोलीस व्हेरिफिकेशन, फ्लॅट असेल तर सोसायटीची एनओसी, आणि फोटो. गावाकडे मालकीचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण असेसमेंटचा उतारा म्हणतो. आमच्या काकीच्या घराचा उतारा काढला तर त्यावर अजून आजोबांचंच नाव, ते जाऊन वीस वर्षं झाली, घरपट्टी दरवर्षी भरली जात होती म्हणून कुणाला नाव बदलायचं सुचलंच नाही, मग वारस नोंद करा, मुंबईतल्या दोन्ही काकांची संमतीपत्रं घ्या, यात चार महिने गेले. म्हणून अर्जाचं पोर्टल उघडायच्या आधी उतारा काढून बघा कुणाच्या नावावर आहे.

फोटोसुद्धा नुसता समोरून एक काढून भागत नाही. बाहेरून, आतून, बेडरूम, बाथरूम, बसायची जागा, पार्किंग, सगळ्याचे लागतात. चेकलिस्ट बारीक आहे बरं का, कमोडला सीट आणि झाकण हवं, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी, भिंतीला ओल नको, जवळच्या डॉक्टरचं नाव आणि नंबर हाताशी हवा. काकीकडे कमोड होता पण झाकण तुटलेलं, ते बसवून घेतलं आणि मगच फोटो काढले.

अर्ज ऑनलाइन, पर्यटन मंत्रालयाच्या 'निधी' पोर्टलवर. आधी तिथे युनिटची, म्हणजे आपल्या होमस्टेची, नोंदणी करून निधी आयडी घ्यायचा, मग त्याच लॉगिनमधून दर्जासाठी अर्ज करायचा, कागद अपलोड करायचे, फी भरायची. त्यानंतर समिती घर बघायला येते. त्या दिवशी उगाच सजावट करत बसू नका, पाणी, लाइट, चादरी, कचऱ्याची सोय एवढं चोख ठेवा आणि मूळ कागदांची फाइल हातात ठेवा.

काही लोक न्याहारी निवास योजनेत आधीपासून आहेत, ती राज्याची, ही केंद्राची, दोन्ही वेगळ्या, एकीचं सर्टिफिकेट दुसरीला चालेल असं समजू नका. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. आदिवासी भागातल्या गावांसाठी केंद्राच्या 'स्वदेश दर्शन' या पर्यटन योजनेतून वेगळी मदत आहे, नवीन बांधकामाला ५ लाखांपर्यंत आणि दुरुस्तीला ३ लाखांपर्यंत, तिकडची मंडळी ती नक्की विचारून घ्या.

आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याची पासपोर्ट-व्हिसाची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, त्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. काकीने त्यासाठी फोनवर आधीच लॉगिन करून ठेवलंय, कारण आमच्याकडे रात्री रेंज जाते आणि सकाळपर्यंत थांबलं की निम्मे तास तिथेच संपतात.