इमॅक्युलाटा महाविद्यालय व तेथील स्त्रियांचे बास्केटबॉल

इमॅक्युलाटा महाविद्यालय : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कॅथलिक उच्च शिक्षणसंस्था. फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर, चेस्टर परगण्यात ती वसलेली आहे. मुलींचे एक लहानसे महाविद्यालय म्हणून १९२० मध्ये सुरू झालेली ही संस्था १९७० च्या दशकात स्त्रियांच्या बास्केटबॉलमुळे देशभर गाजली. १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षे तिच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. विद्यार्थिनींची संख्या हजाराच्या आत आणि क्रीडाशिष्यवृत्ती एकही नाही, अशा स्थितीतले हे यश होते. अमेरिकेतील स्त्रीक्रीडेच्या इतिहासात या संघाला मानाचे स्थान आहे.

संस्थेची स्थापना ‘मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या सेविका’ या धर्मभगिनींच्या संघाने केली. हा संघ १८४५ मध्ये मिशिगन राज्यातील मन्रो येथे निघाला आणि पुढे त्याची एक शाखा पेनसिल्व्हेनियात स्थिरावली. शाळा चालवणे हे या सिस्टरांचे मुख्य कार्य होते. फिलाडेल्फियाच्या परिसरात कॅथलिक मुलींना पदवीपर्यंत शिकता यावे म्हणून त्यांनी १९२० मध्ये ‘व्हिला मरिया’ या नावाने महाविद्यालय सुरू केले. १९२९ मध्ये त्याला इमॅक्युलाटा, म्हणजे ‘निष्कलंक’, हे मरियेचे विशेषण नाव म्हणून मिळाले. याच नावाच्या मधल्या अक्षरांवरून तेथील खेळाडूंना ‘मॅक्स’ म्हणू लागले, आणि जिंकू लागल्यावर त्या ‘मायटी मॅक्स’ झाल्या. अध्यापन, कार्यालय आणि वसतिगृहाची देखरेख ही बहुतेक कामे सिस्टरच करत. अशा संस्था मोठ्या देणग्यांपेक्षा या विनावेतन श्रमांवर अधिक उभ्या होत्या, आणि खेळासाठी वेगळा पैसा काढणे त्यांना सहसा परवडत नसे.

तरीही बास्केटबॉल येथे रुजले, आणि त्याचे मूळ महाविद्यालयाच्या आवाराबाहेर शोधावे लागते. फिलाडेल्फियातील कॅथलिक वस्त्यांमध्ये प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे वसईकडचे मराठी ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याचा, मुलींचा संघ असे. मुलींच्या कॅथलिक माध्यमिक शाळांमध्येही चुरशीच्या स्पर्धा होत आणि पालक त्या आवर्जून पाहायला जात. इतरत्र मुलींनी धावपळीचा खेळ खेळणे फारसे शोभत नाही असे मानले जात होते, त्याच काळात या वस्त्यांमधील मुली लहानपणापासून सामने खेळून तयार होत होत्या. शाळा संपल्यावर त्यांपैकी अनेक जणी घराजवळच्या इमॅक्युलाटात येत. प्रशिक्षिकेच्या कौशल्याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तच आहे; परंतु या तयार खेळाडूंच्या पुरवठ्याशिवाय ते कौशल्य फळाला आले नसते.

कॅथी रश १९७० मध्ये प्रशिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा त्यांचे वय २३ होते आणि पहिल्या मोसमाचे मानधन ४५० डॉलर होते. महाविद्यालयाची व्यायामशाळा १९६७ मध्ये आगीत भस्मसात झाली होती. त्यामुळे संघाला स्वतःचे मैदान नव्हते. नवदीक्षित सिस्टरांच्या निवासी इमारतीच्या तळघरात सराव चाले. रश यांचे पती व्यावसायिक बास्केटबॉलचे पंच होते आणि पुरुषांचा खेळ त्या जवळून पाहत आल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याला चेंडू पुढे आणू न देणारा पूर्ण मैदानावरचा दबाव आणि चेंडू हाती येताच केलेली जलद चढाई या गोष्टी त्यांनी मुलींच्या संघात आणल्या. वेळही अनुकूल होती. स्त्रियांच्या खेळात पूर्वी सहा खेळाडू असत आणि त्यांच्यातील बहुतेकींना मैदानाच्या अर्ध्या भागातच वावरावे लागे. १९७१ च्या सुमारास पाच खेळाडूंचा पूर्ण मैदानावरचा खेळ रूढ झाला, आणि वेगाने धावू शकणाऱ्या संघाला त्याचा लाभ झाला.

संघाचा आधार थेरेसा शँक ही उंच मध्यखेळाडू होती. ती शिष्यवृत्तीवर मेरीलँडमधील दुसऱ्या एका कॅथलिक महाविद्यालयात जाणार होती, पण तिचे घर जळाले आणि कुटुंबाजवळ राहता यावे म्हणून तिने इमॅक्युलाटात प्रवेश घेतला.

राष्ट्रीय पातळीवरील पहिली रीतसर स्त्री-स्पर्धा मार्च १९७२ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉर्मल येथे झाली. तिच्याआधी विभागीय अंतिम सामन्यात शेजारच्याच वेस्ट चेस्टरच्या संघाने इमॅक्युलाटाला ३२ गुणांनी हरवले होते. रश स्वतः त्याच वेस्ट चेस्टरच्या पदवीधर होत्या. राष्ट्रीय स्पर्धेतील १६ संघांत इमॅक्युलाटाला १५ वे मानांकन मिळाले. प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून खेळाडूंनी टूथब्रश विकून निधी जमवला. तोही पुरेसा न झाल्यामुळे आठच खेळाडू जाऊ शकल्या, त्याही ऐनवेळी रिकाम्या राहणाऱ्या जागांवरच्या स्वस्त विमान तिकिटांवर. अंगात चुण्यांचे लोकरी झगे होते, जे घामाने जड होत. तीन सामने जिंकून हा संघ अंतिम फेरीत पोहोचला, समोर पुन्हा वेस्ट चेस्टरच आले, आणि इमॅक्युलाटाने ५२-४८ असा विजय मिळवला.

पुढच्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. अंतिम सामना न्यूयॉर्कमधील क्वीन्स महाविद्यालयाच्या घरच्या मैदानावर होता, तोही ५९-५२ असा जिंकला. १९७४ मध्ये कॅन्सस राज्यातील मॅनहॅटन येथे मिसिसिपी महाविद्यालयाला ६८-५३ असे नमवून तिसरे विजेतेपद मिळाले.

या सामन्यांचे प्रेक्षक हा स्वतंत्र नोंदीचा विषय ठरावा. सिस्टर हातात जपमाळ घेऊन रांगेने बसत आणि खेळ रंगला की उठून ओरडत. रेनी मथ या खेळाडूच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. त्यांनी पत्र्याच्या बादल्या आणि लाकडी दांडके आणून वाटले, आणि त्या बादल्या बडवण्याचा प्रघातच पडला. बंद सभागृहात त्याचा असा दणदणाट होई की मैदानावरच्या सूचना ऐकू येत नसत. मुलींचा खेळ रिकाम्या बाकांपुढे चालतो हा तेव्हाचा सर्वसाधारण अनुभव लक्षात घेतला, तर या बादल्यांचे मोल केवळ गमतीपुरते ठरत नाही. हा खेळ तिकीट काढून पाहण्याजोगा आहे, हे तेथे प्रथम ठळकपणे दिसले.

त्याचीच पुढची पायरी १९७५ मध्ये आली. २६ जानेवारीला मेरीलँड विद्यापीठाविरुद्धचा इमॅक्युलाटाचा सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. स्त्रियांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचे असे ते पहिलेच प्रक्षेपण होते आणि इमॅक्युलाटाने तो सामना ८०-४८ असा जिंकला. २२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्त्रियांचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला. सुमारे १२ हजार प्रेक्षकांसमोर इमॅक्युलाटाने क्वीन्सवर ६५-६१ अशी मात केली.

विजेतेपद मात्र त्यानंतर मिळाले नाही. १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात मिसिसिपी राज्यातील डेल्टा स्टेटने इमॅक्युलाटाला हरवले. या घसरणीचे कारण खेळात कमी आणि पैशात अधिक होते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा संघराज्याचा कायदा, जो ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जातो, जून १९७२ मध्ये झाला. १९७३ मध्ये फ्लॉरिडातील मेरीमाउंट या दुसऱ्या एका लहान कॅथलिक महाविद्यालयाच्या वतीने न्यायालयात दावा गुदरला गेल्यावर स्त्रीखेळाडूंच्या शिष्यवृत्तीवरील बंदीही उठली. सरकारी विद्यापीठे मुलींच्या संघांवर खर्च करू लागली, शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि फिलाडेल्फियाच्या धर्मग्रामांमधील चांगल्या खेळाडूंनाही बाहेरून बोलावणी येऊ लागली. इमॅक्युलाटाला ही स्पर्धा झेपणारी नव्हती. १९७७ मध्येही संघ शेवटच्या चौघांत, म्हणजे सलग सहाव्यांदा, होता. त्याच वर्षी रश यांनी काम सोडले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने १४९ सामने जिंकले आणि १५ गमावले.

खेळाडू मात्र या क्षेत्रातच राहिल्या, आणि संघाचा खरा विस्तार येथे दिसतो. थेरेसा शँक, विवाहानंतर ग्रेन्झ, यांच्या मार्गदर्शनाखाली रटगर्स विद्यापीठाने १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या प्रशिक्षिका होत्या. मरियन क्रॉफर्ड, विवाहानंतर स्टॅन्ली, यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला १९७९, १९८० आणि १९८५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. रेनी मथ, विवाहानंतर पोर्टलँड, या दीर्घकाळ पेन स्टेटच्या प्रशिक्षिका होत्या. कॅथी रश यांचा २००८ मध्ये आणि संपूर्ण संघाचा २०१४ मध्ये बास्केटबॉलच्या नेस्मिथ स्मृतिदालनात समावेश झाला.

इमॅक्युलाटाला २००२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००५ पासून पदवीच्या नियमित वर्गांत मुलांनाही प्रवेश मिळू लागला. त्यानंतर मुलांचे संघही उभे राहिले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागात ही संस्था खेळते. या विभागात क्रीडाशिष्यवृत्ती देता येत नाही. संघांचे नाव आजही ‘मायटी मॅक्स’ हेच आहे.