फझ आधी की डिस्टॉर्शन?

माझ्या भाच्याची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर असताना दुपारी तिथे पाऊल ठेववत नाही. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो; फझ आणि डिस्टॉर्शन ही तिचा आवाज खरखरीत करणारी, पायाने चालवायची दोन पेडलं. अशाच एका दुपारी त्याचा फोन आला. "मामा, फझ बिघडलाय. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला काय वाजत होता! आता घसा बसल्यासारखा येतोय, सूर मध्येच तुटतोय."

पेडल उघडलं. आत जुन्या धर्तीचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, म्हणजे गिटारकडून येणारी वीज वाढवणारे भाग. टाके पक्के होते, वायर कुठे सुटलेली नव्हती. बिघाड नव्हताच, ऊन होतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह कायम गळत असतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीतल्या संध्याकाळचे २२ अंश आणि पत्र्याखालचे ४२, म्हणजे गळती चौपट. त्यामुळे ट्रान्झिस्टर ज्या बिंदूवर बसवलेला असतो तिथून सरकतो आणि गिटारकडून येणारी विजेची लाट वेड्यावाकड्या जागी कापली जाते. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला हा त्रास फारच कमी. आमच्या हवेत जर्मेनियम फझ घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

लाट कापली जाते म्हणजे काय? गिटारची तार चुंबकासमोर थरथरते, तारांखाली बसवलेल्या पिकअपच्या वेटोळ्यात व्होल्टचा काही भाग एवढी वीज उमटते. पेडल ती कितीतरी पट वाढवतं. पण वाढीला छत असतं. डिस्टॉर्शन पेडलमध्ये ते बहुतेक वेळा डायोडचं असतं. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो आणि लाटेचा त्यावरचा माथा सपाट होतो. फझमध्ये ट्रान्झिस्टरलाच इतकं रेटतात की गोल लाट जवळपास चौकोनी होते.

या कापण्यातून नवे सूर जन्मतात. पाचवी तार मोकळी छेडली की मूळ सूर ११० हर्ट्झचा. लाट वरून-खालून सारखीच कापली की ३३०, ५५०, ७७० असे विषम पटींचे उपस्वर जोर धरतात. एका बाजूने जास्त कापली की २२०, ४४० हेही येतात. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण उपस्वरांचीच श्रीमंती शोधत असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलं होतं. एरवी तारेतून निघू नयेत असे उपस्वरही त्या घोडीमुळे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. वाट वेगळी, पण कानाला हवं असतं ते तेच.

फझचा जन्मही बिघाडातूनच झाला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात स्टुडिओच्या मिक्सरमधल्या खराब ट्रान्सफॉर्मरमुळे बास गिटार खरखरली. गाणं १९६१ मध्ये गाजलं. अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी ती खरखर मुद्दाम काढणारं सर्किट जुळवलं आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन बाजारात आला.

आता भाच्याचा खरा प्रश्न: फझ आधी की डिस्टॉर्शन? त्याने डिस्टॉर्शन आधी आणि फझ नंतर जोडला होता, दोन्हींचा गेन, म्हणजे लाट किती पट वाढवायची ते बटण, पूर्ण वर. दोन पेडल म्हणजे दुप्पट आवाज, दुप्पट जोर, असं वाटणं साहजिक आहे. पण चौकोनी झालेल्या लाटेला पुन्हा कापायला माथा उरतोच कुठे? वाढतो तो गोंगाट. एक पेडल ५० पट वाढवतं आणि दुसरं २० पट, तर मिळून १००० पट. शेजारी यंत्रमाग चालू असतो, घरभर विजेच्या तारा, त्यांची ५० हर्ट्झची गुणगुण पिकअपमध्ये शिरते. ती एक मिलिव्होल्ट असली तरी पुढे एक व्होल्ट होऊन सुराच्याच उंचीला येते. छत तिथंच राहतं, जमीन वर येते, आणि मधल्या जागेत हळू-जोरात वाजवण्याचा फरकच मरतो.

म्हणून क्रम उलटा केला. जुन्या धर्तीच्या फझच्या इनपुटचा विजेला होणारा विरोध काही हजार ओहमचाच, म्हणजे कमी असतो, तो पिकअपवर ओझं टाकतो. हे ओझंच त्याच्या मऊपणाचं कारण. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ लगेच निवळतो. मध्ये दुसरं पेडल आलं की हे नातं तुटतं आणि सूर कर्कश होतो. फझ आधी ठेवला, डिस्टॉर्शनचा गेन अगदी कमी केला. आता त्याचं काम टोन घडवण्याचं. बऱ्याच डिस्टॉर्शन पेडलांत कापण्याआधी खर्ज थोडा गाळला जातो, त्यामुळे फझचा ढगळ खर्ज आवळला जातो आणि मधले सूर पुढे येतात.

मग त्याला दोन तारा एकदम छेडायला सांगितल्या, षड्ज आणि पंचम, ११० आणि १६५. कापलेल्या लाटेत दोघांच्या बेरजा-वजाबाक्याही उमटतात. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, जो त्याने वाजवलाच नव्हता. बेरीज २७५, तीही ५५ च्याच पटीत. म्हणून षड्ज-पंचम फझवर भरदार वाटतो. पंचमाच्या जागी गंधार घेतला, साधारण १३८.६ हर्ट्झचा, आणि वजाबाकी २८.६ आली. ती कशाच्याच पटीत नीट बसत नाही. खोलीत घरघर भरली.

"परत सा-प घेऊ?" त्याने विचारलं. मी पेडल उचलून खाली, फरशीच्या गार खोलीत नेलं. अर्ध्या तासात ट्रान्झिस्टर निवले, आणि सूर तुटायचा थांबला.