कोळशाची खाण पांढरी का दिसायला हवी?

२०२४ च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट अशी मेट्रो जमिनीखालून धावू लागली आणि तेव्हापासून पुण्यात जो तो बोगद्यांचा जाणकार झाला आहे. परवा सोसायटीच्या कट्ट्यावर कोळसा खाणींतल्या अपघातांचा विषय निघाला, तर एका काकांनी लगेच निकाल देऊन टाकला : "अहो, मुठेखालून, कसब्यातल्या जुन्या वाड्यांखालून आपला बोगदा गेला, कुणाच्या बशीतला चहा हिंदकळला नाही. मग त्या खाणींतच माणसं कशी मरतात? निष्काळजीपणा, दुसरं काय!"

निष्काळजीपणा असतोच, नाही असं नाही. पण या दोन बोगद्यांची तुलनाच होऊ शकत नाही. पुण्याखाली आहे बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला काळा पाषाण. तो जळत नाही, त्यातून वायू झिरपत नाही. कोळसा सापडतो तो गोंडवनी काळातल्या, म्हणजे त्याहून कितीतरी जुन्या, गाळाच्या खडकांत. आपल्याकडे त्यासाठी चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठीकडे जावं लागतं. तिथे बोगद्याच्या भिंती इंधनाच्या, जमीन इंधनाची, बऱ्याचदा छतसुद्धा इंधनाचं. त्या भिंतींतून मिथेन पाझरत असतो. शिवाय मेट्रोचा बोगदा शंभर वर्षं टिकावा म्हणून बांधतात. खाणीत आधी कोळशाचे खांब राखून वाटा काढतात आणि शेवटी मागे सरकत सरकत तेच खांब काढून घेतात, मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. त्या कोसळलेल्या पोकळीला खाणकामगार गोफ म्हणतात.

आता मरण कसं येतं ते बघू. स्फोटांच्या बातम्या होतात, पण भारतातल्या भूमिगत खाणींत एकेकटी माणसं सर्वांत जास्त गेली ती छत किंवा बाजू अंगावर येऊन. जुने कामगार एका हाताने सब्बल छतावर ठोकतात आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतात. आवाज खणखणीत आला तर थर अखंड आहे. भदभद आवाज आला आणि बोटांना थरथर जाणवली, तर वरचा थर सुटला आहे. आता रूफ बोल्ट, म्हणजे छताचे थर एकत्र जखडणाऱ्या पोलादी सळया आल्या, पण ठोकून बघणं सुटलेलं नाही. दुसरं मरण पाण्याचं. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या सोडून दिलेल्या जुन्या खाणीतलं पाणी फुटून आत शिरलं आणि ३७५ माणसं गेली. छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखली खाणीत १९५४ मध्ये अशाच पाण्याने ६३ जणांचा बळी घेतला होता. यात गूढ काही नाही. जुन्या खोदकामाचा खरा नकाशा हाताशी हवा, आणि दोन कामांच्या मध्ये पुरेसा जाड कोळसा सोडायला हवा.

सुरक्षेचा आलेख मात्र वाचायला दिसतो तितका सोपा नाही. अमेरिकेत १९०७ या एका वर्षात कोळसा खाणींत ३,२४२ माणसं मेली, २०२० मध्ये ५. मधल्या काळात कामगारही सुमारे ६ लाख ८० हजारांवरून साठ-पासष्ट हजारांवर आले. तरीही दर हजार कामगारांमागे हिशोब केला तर आकडा जवळजवळ ५ वरून ०.१ च्या खाली येतो. ही खरी सुधारणा आहे. चीनमध्ये २००२ साली जवळपास ७,००० मृत्यू झाले होते, २०१८ मध्ये ३३३. तीही खरीच. पण 'दर दशलक्ष टनांमागे मृत्यू' हे जे माप सगळीकडे मिरवलं जातं, ते जपून घ्यावं. समजा, एका भूमिगत खाणीत हजार माणसं वर्षाला ३ लाख टन कोळसा काढतात, आणि एका खुल्या खाणीत हजार माणसं, अवजड डंपर-शॉव्हेलच्या जोरावर, ५० लाख टन. दोन्हीकडे वर्षाला एकेक माणूस दगावला. कामगाराच्या जिवाला धोका दोन्हीकडे सारखाच, हजारात एक. पण टनांच्या मापात पहिली खाण ३.३ आणि दुसरी ०.२! भारतात कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाच्या काळात बहुतेक कोळसा जमिनीखालून येत असे. २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला, तेव्हा भूमिगत खाणींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे टनामागचा आकडा नुसता खाणीचा प्रकार बदलल्यानेही घसरतो. जो अजूनही खाली उतरतो, त्याचं काय हे त्या आकड्यातून कळत नाही.

आणखी एक अडचण आहे. मोठे अपघात विरळ असतात. चासनालाचं एक वर्ष दशकाची सरासरी बिघडवून टाकतं, आणि त्या आधीच्या वर्षीचा साधा आकडा पुढच्या संकटाबद्दल अवाक्षर काढत नाही. मग खाण सुरक्षित आहे की नाही हे ओळखायचं कशावरून? भूमिगत खाणीपुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे : तिथली धूळ बघा.

इथे जरा दमाने घेऊ, कारण खरी गंमत इथेच आहे.

मिथेनचा धोका सगळ्यांना ठाऊक असतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असेल तर पेटतो, आणि सर्वांत जोरात पेटतो ९.५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा पाठ करायची गरज नाही, शाळेतल्या समीकरणातून निघतो. मिथेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे दोन भाग ऑक्सिजनसाठी साडेनऊ भाग हवा हवी. साडेदहात एक, म्हणजे ९.५ टक्के. आपल्याकडच्या नियमानुसार मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की त्या भागातली वीज तोडावी लागते. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी थर धरून बसतो. तो तिथून उडवून लावायला पंख्यांचा वारा खेळता ठेवतात. हे सगळं नीट केलं तरी एखाद्या कोपऱ्यात थोडा वायू साचतो, यंत्राचा दात वालुकाश्मावर घासतो, ठिणगी पडते आणि भडका उडतो. नुसत्या मिथेनचा असा भडका बहुधा जागच्या जागी विझतो. जवळची दोन-चार माणसं भाजतात, पण खाण वाचते.

खाण संपते ती यापुढच्या काही सेकंदांत. भडक्याने तापलेला वायू फुगतो. उघड्यावर तो चहूकडे पसरला असता, पण बोगदा म्हणजे नळी. त्यामुळे तो समोरची हवा ढकलत सुटतो आणि ज्योतीच्या पुढे वारा धावतो. खाणीत छतावर, भिंतींवर, आडव्या तुळयांवर कोळशाची बारीक धूळ बसलेली असते. वारा ती उडवतो, मागून ज्योत त्या ढगात शिरते. कोळशाचा कण तापला की आधी त्यातले बाष्पनशील वायू बाहेर पडतात आणि ते पेट घेतात. म्हणून अँथ्रासाइट या कडक कोळशाची धूळ सहसा स्फोट करत नाही, त्यात हे वायू फारच कमी. ढग पेटला की आणखी वायू फुगतो, वारा आणखी जोर धरतो, पुढची आणखी धूळ उठते. स्फोट स्वतःचं इंधन स्वतःच पुढे उधळत जातो! सुरुवातीला सेकंदाला काही मीटर असलेला वेग बघता बघता शेकड्यांत जातो.

बारीक पुडीत एवढं काय असतं? पृष्ठफळ. एक सेंटीमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. तोच घन १० मायक्रॉनच्या घनांत चिरला तर ६,००० चौरस सेंटीमीटर. वस्तुमान तेवढंच, पण हवेला भिडणारा भाग हजारपट. जेजुरीच्या भंडाऱ्याचंच घ्या ना. ताटात ढीग करून ठेवलेली हळद काडी लावली तर जेमतेम करपते, पण तीच मूठभर पेटत्या दिवटीवर उधळली तर भपकन पेट घेईल. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलोद्यानात रंगीत मक्याच्या पिठाची उधळण चालू असताना ढग पेटला आणि १५ जणांचा जीव गेला, सुमारे ५०० जण भाजले.

आता हिशोब करू. कोळशाच्या धुळीच्या स्फोटाला घनमीटरमागे साधारण ५० ग्रॅम धूळ पुरते. बोगदा ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच धरा, म्हणजे दर मीटर लांबीमागे १० घनमीटर हवा आणि त्यात ५०० ग्रॅम धूळ. ती बसलेली असते छत, जमीन आणि दोन्ही भिंतींवर, म्हणजे १३ चौरस मीटरवर. चौरस मीटरला पडले अडतीस-एकोणचाळीस ग्रॅम. सैल धुळीची घनता घनसेंटीमीटरला अर्धा ग्रॅम धरली तर थराची जाडी येते ०.०८ मिलिमीटर. झेरॉक्सचा कागद याहून जाड असतो! तुमच्या बुटाचा ठसा उमटेल इतकी धूळ म्हणजे धोक्याची मर्यादा केव्हाच ओलांडली गेलेली असते.

फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत मिथेन नाही अशी समजूत होती, म्हणून कामगार उघड्या ज्योतीचे दिवे वापरत. १० मार्च १९०६ रोजी तिथे स्फोट झाला, तो सुमारे ११० किलोमीटर बोगद्यांतून फिरला आणि १,०९९ माणसं मेली. वीस दिवसांनी, शोध थांबल्यानंतर, १३ जण अंधारातून चालत आपले आपण बाहेर आले. आपल्याकडे १९६५ मध्ये धोरीच्या खाणीत धुळीच्या स्फोटानेच २६८ जणांचा जीव घेतला. अशा अपघातात भाजून किंवा फेकले जाऊन मरणाऱ्यांपेक्षा गुदमरून मरणारे बहुधा जास्त असतात. धूळ इतकी आणि ऑक्सिजन इतका कमी की जळण अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. खाणीतल्या स्फोटांनंतरच्या मृत्यूंचं हे कारण १८९६ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाखवून दिलं. विषारी वायू माणसाआधी जाणवणाऱ्या, पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याची शिफारसही त्यांचीच, आणि ब्रिटनने तो पक्षी १९८६ पर्यंत वापरला.

उपाय मात्र इतका साधा की ऐकून हसू येतं : चुनखडीची पूड. बोगद्यात छत-भिंती-जमिनीवर ती भरपूर फवारायची. कोळशाची धूळ उडवणारा वाराच ती पूडही उडवतो. ती जळत नाही, नुसती तापते, आणि तापताना ज्योतीची उष्णता पिऊन टाकते. कोळशाच्या कणांमध्ये एवढे निष्क्रिय कण घुसले की पुढचा कण पेटायला लागणारं तापमानच गाठलं जात नाही. म्हणून नीट राखलेल्या कोळसा खाणीतला बोगदा पांढुरका दिसतो. तो परत काळा पडू लागला की समजावं, फवारणी मागे पडली आहे. नजरेवर भागत नाही म्हणून ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्यांतली धूळ झाडून नमुना घेतात, प्रयोगशाळेत जाळतात आणि न जळलेला भाग तोलतात. भारतात हा भाग कमीत कमी किती असावा हे नियमाने ठरवून दिलेलं आहे. शिवाय छताशी पुडीच्या फळ्या किंवा पाण्याच्या पन्हाळी अशा अलगद टेकवून ठेवतात की ज्योतीआधी पोहोचणारा दाबाचा धक्काच त्यांना उलटवतो. ज्योत येईपर्यंत वाटेत ढग तयार!

झरिया-राणीगंजच्या बाजूला खाणीच्या तोंडाशी कालीमातेचं देऊळ असतं, कुठे यंत्रावर लिंबू-मिरचीही दिसते. कामगाराने खाली जाताना हात जोडले तर मला त्यात काही गैर वाटत नाही. पण छताला काही टांगायचंच असेल तर ते पाण्याच्या पन्हाळी असाव्यात. हल्ली दुसरीकडून एआयचा गजर चालू आहे, त्यालाही हेच लागू. मिथेनचा सेन्सर हवेतला मिथेन मोजतो. तुळईवर निपचित पडलेली धूळ त्याला दिसत नाही.

आणि नोंदी खऱ्या असतील तरच या सगळ्याला अर्थ. अमेरिकेतल्या अपर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी २९ कामगार मेले. चौकशीत निघालं ते असं : कटाई यंत्राचे दात झिजलेले, काही पाण्याचे फवारे गायब, चुनखडीची पूड अपुरी, म्हणून मिथेनचा छोटा भडका धुळीच्या स्फोटात बदलला. तिथे दोन वह्या ठेवल्या जात, हेही पुढे आलं. धोक्यांच्या खऱ्या नोंदी कंपनीच्या वहीत, आणि निरीक्षकांना दाखवायच्या वहीत त्यातलं बरंच काही नाही.

आपल्याकडे २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून १० कोटी टन कोळसा काढायचं सरकारचं उद्दिष्ट आहे, आणि त्यात मोठा भर कंटिन्युअस मायनर या यंत्रावर आहे. सुरुंग लावावा लागत नाही आणि माणसं अधांतरी छताखाली उभी राहत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. पण फिरत्या ढोलावरचे दात कोळसा खरवडून काढतात, त्यामुळे बारीक धूळ भरपूर होते, आणि ढोल वालुकाश्माला लागला की ठिणगीची शक्यताही असते. म्हणून दातांमागून पाण्याचे फवारे चालू ठेवावे लागतात, बोथट दात वेळेवर बदलावे लागतात आणि उत्पादनाच्या बरोबरीने चुनखडीच्या पोत्यांच्या फेऱ्याही वाढवाव्या लागतात. ही पोती खाली नेण्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा वेळ जातो, माणसं गुंततात आणि त्या वेळात कोळसा निघत नाही. उत्पादनाची घाई झाली की पहिली फेरी रद्द होते ती याच पोत्यांची.