शिडाच्या नौकेसाठी सागरी हवामान-माहिती

किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात शिडाची नौका नेण्याआधी आणि सफर चालू असताना वारा, लाटा व वादळ यांची भरवशाची माहिती मिळवणे, ती पडताळणे आणि त्यावरून निघायचे, थांबायचे की परत फिरायचे हे ठरवणे, हा नौकानयनाचा पायाभूत भाग आहे. लहान शिडाची नौका साधारण पाच-सहा नॉट वेगाने चालते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. या वेगाने दिवसभरात जेमतेम १२०-१४० सागरी मैल कापले जातात, आणि तेवढ्यात अंगावर आलेले वादळ चुकवता येत नाही. ते चुकवायचे तर दोन दिवस आधी कळावे लागते.

नाशिकची स्थिती

नाशिक सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. गंगापूर धरणाच्या जलाशयावर बोट क्लब आहे, पण तिथला वारा भोवतालच्या डोंगरांप्रमाणे वळतो. त्यावरून अरबी समुद्राचा अंदाज बांधू नये. शिडाच्या सफरीसाठी नाशिककर मुंबईकडे उतरतात, आणि आदल्या संध्याकाळी घरी पाहिलेला अंदाज बरोबर घेऊन जातात. चूक बहुधा इथेच होते.

संगणकीय मॉडेल ठरावीक वेळच्या निरीक्षणांवर चालवले जाते आणि त्याचा निकाल काही तासांनी हाती येतो. अमेरिकेचे जीएफएस हे जागतिक हवामान मॉडेल दिवसातून चार वेळा, म्हणजे चार फेऱ्यांत, चालते. भारतीय वेळेनुसार पहाटे व संध्याकाळी साडेपाच, आणि सकाळी व रात्री साडेअकराच्या स्थितीवर. शुक्रवारी संध्याकाळी सहाला द्वारका चौकातून निघणाऱ्याच्या फोनवर सकाळी साडेअकराची फेरी असते. साडेपाचची फेरी रात्री साडेनऊ-दहानंतर दिसू लागते, आणि युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) मॉडेलची तीच फेरी मध्यरात्रीच्या सुमारास. शनिवारी पहाटे नांगर उचलायच्या वेळी जुना अंदाज सुमारे अठरा तासांचा झालेला असतो, आणि ताजा अंदाज उपलब्ध असूनही कुणी उघडलेला नसतो. म्हणून अंदाजाच्या पानावर आकड्याआधी फेरीची वेळ वाचावी.

वायुदाबाचेही तसेच. फोनमधला वायुदाबमापक नाशिकमध्ये ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास आकडा दाखवतो, किनाऱ्यावर तो १०१० च्या घरात असतो. कसारा घाट उतरताना दाब वाढतो, त्याचा हवामानाशी संबंध नाही. दाबाची नोंद बंदरावर पोहोचल्यावरच सुरू करावी.

हिवाळ्यात मात्र नाशिकला एक इशारा घरबसल्या मिळतो. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी हवामान प्रणाली) पुढे सरकून उत्तरेकडची थंड हवा खाली उतरते, निफाडचा पारा घसरतो, तेव्हा गुजरात आणि उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावरही उत्तरेचे वारे बऱ्याचदा जोर धरतात. हा अंदाज नव्हे. मात्र अशा आठवड्यात हवामान विभागाचे पत्रक दोनदा वाचावे.

अधिकृत स्रोत

१८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी किनारी हवामान पत्रक आणि त्यापलीकडे सागरी क्षेत्र पत्रक काढतो. एरवी ही पत्रके दिवसातून दोनदा निघतात, वादळी प्रणाली तयार झाली की अधिक वेळा. पत्रकाची भाषा कोरडी असते, पण ती अनुभवी पूर्वानुमानकाने अनेक मॉडेल, उपग्रहचित्रे आणि निरीक्षणे ताडून लिहिलेली असते. हा लाभ कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाही. मच्छीमारांसाठीचा इशारा नौकानयन करणाऱ्यानेही आपल्यासाठीच आहे असे समजावे. त्यात ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत’ असे शब्द आले की ते २४ ते ३० नॉट आणि ३५ नॉटचे झोत, म्हणजे क्षणभर वाढणारा वारा, होतात. हौशी चमूने बंदरातच राहावे असे हे वारे आहेत. बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटाही बंदराला वादळी वाऱ्यांचा धोका असल्याचे सांगतो.

लाटांसाठी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था (स्थापना १९९९) पाहावी. समुद्रस्थितीचा अंदाज, उंच लाटा आणि दुरून येणाऱ्या फुगवट्याचे (स्वेल, म्हणजे लांबवरच्या वादळातून आलेल्या लाटांचे) इशारे ती देते. असा फुगवटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघून, स्थानिक वारा शांत असतानाही, भारताच्या किनाऱ्यावर येऊन आदळतो. केवळ वाऱ्याचा अंदाज पाहणाऱ्याला तो दिसतच नाही.

आकडे कसे वाचावेत

अंदाजातला वारा हा दहा मीटर उंचीवरचा सरासरी वारा असतो. झोत त्याहून तीस-चाळीस टक्क्यांनी जास्त असू शकतात, आणि शिडावर ताण येतो तो झोताचा. लाटेची जी उंची दिलेली असते ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. दोन मीटरच्या समुद्रात अधूनमधून जवळपास चार मीटरची लाट येणे स्वाभाविक आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट वाहू लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी हे विशेष जाणवते.

चार अ‍ॅप एकच आकडा दाखवतात म्हणजे चार साक्षीदार मिळाले असे नाही. बहुतेक अ‍ॅपमागे एकच मॉडेल असते. खरी तुलना वेगवेगळ्या मॉडेलांची, उदाहरणार्थ जीएफएस आणि युरोपीय केंद्राची. दोन्ही जुळली तर भरवसा वाढतो. न जुळली तर वाईट असेल तो अंदाज धरून चालावे. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांचे किनाऱ्यालगतचे बारकावे जागतिक मॉडेलांना नीट पकडता येत नाहीत, तिथे स्थानिक कोळ्याला विचारलेले बरे. द्राक्षबागाईतदार फवारणीआधी फोनवर अंदाज बघतो, तरी शेवटी बागेत जाऊन पानावरचा ओलावा हाताने तपासतो. समुद्रावरही तीच रीत.

हंगाम

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात. शिडाच्या सफरींचा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन्ही काळ, पावसाळ्याआधीचा व नंतरचा, त्याच्या दोन्ही टोकांना येतात. ‘निसर्ग’ १ जून २०२० रोजी कमी दाबाच्या तीव्र पट्ट्याच्या रूपात होते आणि ३ जूनला अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. २०१७ च्या ‘ओखी’ने केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार समुद्रात असतानाच झपाट्याने रूप धरले, आधीच निघून गेलेल्यांपर्यंत इशारा पोहोचवता आला नाही.

समुद्रात माहिती मिळवणे

मोबाइलचे नेटवर्क किनाऱ्यापासून काही मैलांतच सुटते. व्हीएचएफ रेडिओ (नौकेवरचा बिनतारी संच) साधारण वीस-पंचवीस सागरी मैल पोहोचतो. ५१८ किलोहर्ट्झवरचा नॅव्हटेक्स संच शेकडो मैलांवर लेखी इशारे पकडतो आणि त्याला वर्गणी लागत नाही. ‘ओखी’नंतर २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ हे छोटे उपकरण गगन उपग्रहसेवेवरून इन्कॉइसचे इशारे घेऊन ते फोनवर दाखवते. परदेशी पुस्तकांत सर्रास सुचवलेले इरिडियम किंवा थुरायाचे फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे व वापरणे बेकायदा आहे, भारतीय पाण्यातही. इनमारसॅटवरची सेवा बीएसएनएलमार्फत रीतसर परवान्याने मिळते.

यंत्रे बंद पडली तरी वायुदाबमापक चालतो. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे व दुपारी चारला कमी. त्यामुळे दुपारी दोनला पडलेला दाब पाहून घाबरू नये. त्याच वेळच्या कालच्या आकड्याशी तुलना करावी. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कल कमी भरले तर वादळाचा संशय घ्यावा, पाच कमी भरले तर मार्ग बदलावा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते.

घरी, नाशिकमध्ये, एक माणूस किनारी संपर्क म्हणून नेमला असेल तर त्याने ‘हवा चांगली आहे’ असे कळवू नये. पत्रकाची वेळ, वाऱ्याची दिशा, वेग नॉटमध्ये, झोत, लाटांची उंची आणि पुढच्या पत्रकाची वेळ, एवढे याच क्रमाने कळवावे.