ओढ्याकाठचा तंबू

ओढ्यात घोटाभर पाणी, काठावर सपाट हिरवळ, पाऊसही थांबलेला. सह्याद्रीत पावसाळी मुक्कामाला गेलेल्यांना तंबू ठोकायला नेमकी हीच जागा आवडते. मलाही आवडायची. पण ती एवढी सपाट कशी झाली? पुराने आणून टाकलेल्या गाळाने. जवळची करवंदीची जाळी बघा. कमरेइतक्या उंचीवर फांद्यांत वाळका पालापाचोळा, एखादी फाटकी पिशवी अडकलेली असते. मागच्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं.

आपले डोंगर बसाल्टचे. वर वीतभर माती, खाली काळा कातळ. जुलैत ती माती आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते, त्यामुळे नवा पाऊस मुरत नाही, थेट धावत सुटतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. माथ्यावरच्या एक चौरस किलोमीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला, तर झाले ५ कोटी लिटर, आणि त्यातलं बहुतेक उतरणार एकाच घळीतून. तेव्हा खाली तुमच्या डोक्यावर लख्ख ऊनही असू शकतं.

नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की तंबू, भांडी, बूट तिथेच सोडून चढणीला लागायचं. पलीकडे जायचा मोह नको. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही पाय निसटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले.

म्हणून तंबू उंचवट्यावर हवा, पण तीव्र उताराच्या पायथ्याशी नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा लोक घरात झोपलेले होते. एकटं झाड आणि उघडा सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार, दोन्ही विजेच्या वाटेवरचे.

एक चूक मात्र शहाणीसुरती माणसंही करतात. बाहेर धो धो पाऊस, म्हणून स्टोव्ह आत घेतात आणि चेन लावून चहा टाकतात. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, आपण ते दमणुकीवर ढकलतो आणि झोपी जातो.

जळवांचं म्हणाल तर त्या किळसवाण्या, एवढंच.

खरं सांगायचं तर जुलैत मी हल्ली तंबू नेतच नाही. गावात विचारून देवळाच्या ओसरीवर पथारी टाकतो. पागोळ्यांचा आवाज तिथेही तोच.