नेटट्रेक आणि ‘बोर्ग’चा तंटा

नेटट्रेक हा नेटवर्कवर अनेकांनी मिळून खेळायचा अंतराळयुद्धाचा खेळ. त्यातली चार पक्ष, ग्रह आणि टॉर्पेडो ही मांडणी १९७३ साली सुरू झालेल्या ‘एम्पायर’ या खेळाची, प्लेटो या शिक्षणासाठीच्या संगणक यंत्रणेच्या टर्मिनलांवरची. १९८६ च्या सुमारास ‘एक्सट्रेक’ने ती एक्स विंडोवर, म्हणजे युनिक्स संगणकांच्या खिडक्या-चित्रांच्या प्रणालीवर, आणली. पण तिथे सगळा खेळ एकाच यंत्रावर चाले आणि प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावरची रेघन्‌रेघ तेच काढी. लांबच्या जोडणीवर ते ओझे पेलत नसे.

‘नेटट्रेक’ने १९८८ च्या सुमारास काम वाटून दिले. कोण कुठे, कुणाला किती मार बसला, हे सर्व्हर, म्हणजे मधला संगणक, ठरवणार. चित्र काढणे आणि कळा वाचणे क्लायंटकडे, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरच्या प्रोग्रामकडे. पुढे यूडीपीही आले, म्हणजे हरवलेले पुन्हा न मागता माहिती पाठवण्याची पद्धत. टीसीपी या नेहमीच्या पद्धतीत हरवलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे अडते. जहाजाची जागा तर पुढच्या पॅकेटमध्ये ताजी मिळतेच, मग जुनीसाठी थांबायचे कशाला? नंतरचे ऑनलाइन युद्धखेळ याच वाटेने गेले.

तंटा मात्र या वाटणीतूनच उभा राहिला. शत्रूची जागा क्लायंटकडे आकड्यांत येते आणि त्याचा सोर्स कोड खुला. क्रूझर या जहाजाचा फेझर, म्हणजे किरणशस्त्र, अगदी जवळून १०० चा फटका देतो, क्रूझरची ढालही १०० चीच. माणसाचा नेम जरा चुकला की फटका वाया जातो आणि इंधनही जाते. कोडमध्ये कोन काढून दिला की नेम चुकतच नाही. अशा क्लायंटला ‘बोर्ग’ म्हणू लागले. शब्द फार सैल होता. आपोआप नेम धरणारा बोर्ग, हे सर्वांना मान्य. पण शत्रूच्या जहाजात किती सैन्य चढले याचा नुसता हिशेब दाखवणारा? सर्व्हर स्वतः सोडतो ते रोबॉट तर आणखी निराळे.

उपाय निघाला तो मान्यताप्राप्त, म्हणजे ‘ब्लेस्ड’ क्लायंटचा. सर्व्हर यादृच्छिक बाइट पाठवतो. क्लायंट त्यांत सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट घालून आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या गुप्त किल्लीने उत्तर देतो, म्हणजे मध्ये बसलेल्या तोतयाला ते पुढे सरकवता येत नाही. किल्ली तयार बायनरीतच, म्हणजे आधीच बांधून दिलेल्या प्रोग्राममध्येच, असते. त्यामुळे स्वतः कंपाइल केलेला प्रामाणिक क्लायंटही अशा सर्व्हरवर अडतो. खुल्या कोडच्या खेळाला हे जाचक होते, तरीही निर्णय योग्यच होता: आठांविरुद्ध आठांच्या सामन्यात एक न चुकणारा नेमबाज बाकी पंधरा जणांचा खेळ मोडतो. मात्र पडदा वाचून कळा दाबणारा बाहेरचा प्रोग्राम आरएसएला दिसतच नाही.