राकसकोपात ट्राउट का जगणार नाही

'शेततळ्यात ट्राउट सोडा, लाखो कमवा' असा एक व्हिडिओ सध्या बेळगावात मोबाइलवर फिरतोय. बेळगुंदीच्या एका मित्राने तो पाठवून विचारलं, "आपलं राकसकोप धरणाचं पाणीपण डोंगरातलंच की, मग?"

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा निलगिरीत आहे. तिथल्या अव्हलांचला १९०७ पासून त्याची अंडी उबवतात. पण ती जागा दोन हजार मीटरच्या वर, बेळगाव साडेसातशेवर. गंमत अशी की तिथे हवा विरळ, म्हणजे पाण्यात प्राणवायू कमीच विरघळणार. तरी मासा तिथेच खूश!

चुलीवर पाणी ठेवा. उकळी फुटायच्या खूप आधी पातेल्याच्या बुडाला बारीक बुडबुडे चिकटतात. ती पाण्यातली हवा. पाणी तापलं की तिला धरून ठेवता येत नाही. हिशेब केला तर निलगिरीत १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आपल्याकडे २७ अंशांना सव्वासात. फरक किरकोळ. खरी गोम माशाच्या अंगात आहे. पाणी जितकं गरम तितकंच त्याचं रक्त गरम, आणि दहा अंश वाढले की प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. पंचवीस अंशांच्या आसपास ट्राउट गुदमरतो.

मग तळाशी गार पाणी असेल की? असतं. विहिरीत पोहताना छातीला कोमट आणि पायाला गार लागतं, तेच धरणात. ४ ते ५ अंशांत पाण्याची घनता जेवढी घटते, त्याच्या तीसेक पट ती २४ ते २५ अंशांत घटते. त्यामुळे आपल्याकडे एकदोन अंशांच्या फरकानेही वरचं हलकं पाणी खालच्यावर झाकणासारखं बसतं. खाली पालापाचोळा कुजतो, प्राणवायू संपतो, वरून नवा उतरत नाही. वर गरम, खाली गुदमर. ट्राउटला मधे जागाच उरत नाही. थंड मुलखातल्या डोंगरी धरणांत तळालाही प्राणवायू टिकतो, म्हणून तिथले लोक उन्हाळ्यात दुपारी गळ खोल सोडतात आणि पहाटे काठाला टाकतात.

वळवाच्या पावसाने तळाचं पाणी ढवळून वर आलं की एका रात्रीत तळ्यातले मासे मरून तरंगतात. गावात लगेच 'नजर लागली', 'देवीचा कोप' सुरू होतं. कोप कसला, मासे गुदमरलेले असतात. त्याच तळ्यातला मरळ मात्र बहुधा वाचतो, कारण कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा भरून घ्यायला तो तोंड वर काढतो. संध्याकाळी काठावर 'गुळुक' ऐकू येतं ना, ते हेच.